शिलेचे शेजारी

सरकारी बदलीने बंगळुरास आलेल्या मराठी गृहस्थास या नगराशी असलेल्या जुन्या नात्याची आठवण होते ती बहुधा शहाजीराजांच्या नावाने. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने तिसऱ्या केंपेगौडाकडून हा मुलूख घेतला आणि पुढे तो शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला. त्यांच्या दरबारातील कवी जयराम पिंड्ये यांनी त्यांच्यावर ‘राधामाधवविलासचंपू’ रचले. १६८७ साली एकोजीराजांनी हे नगर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांस तीन लक्ष रुपयांस देण्याचा करार केला, आणि पन्नास वर्षांचा तो अध्याय संपला. ही हकीकत आम्हीही घरी आलेल्या पाहुण्यांस मोठ्या अभिमानाने सांगत असू. परंतु त्या अध्यायाच्या ज्या काही खुणा उरल्या आहेत, त्या आज कोणाच्या हातांनी राखल्या जात आहेत, हा प्रश्न मात्र पुष्कळ दिवस आमच्या मनास शिवला नव्हता.

तो प्रथम पडला मल्लेश्वरमात. हे आजचे गजबजलेले उपनगर १८९८ च्या प्लेगनंतर वसविले गेले. त्यापूर्वी तेथे मल्लपूर नावाचे खेडे होते आणि रानातल्या मल्लिकार्जुनाचे देऊळ होते. काडू म्हणजे रान. म्हणून तो काडू मल्लेश्वर. तेथील १६६९ सालच्या शिलालेखात एकोजीराजांनी महानाडांच्या, म्हणजे प्रांतातील जाणत्या मंडळींच्या, विनंतीवरून या देवाच्या व्यवस्थेसाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. लेख कानडी भाषेत आहे. भोसले कुळातील राजा आपल्या रयतेशी रयतेच्या भाषेत बोलतो आणि तिने मागितले तेच देतो, ही गोष्ट कोणत्याही लढाईच्या वर्णनाहून आम्हांस अधिक मोलाची वाटली.

देवळासमोरच नंदितीर्थ आहे. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडते आणि तेथून पुष्करिणीत जाते. हे सारे स्थान मातीखाली गडप झाले होते. १९९७ च्या सुमारास ती मोकळी जागा विकली जाणार असे कळताच आसपासच्या रहिवाशांनी हरकत घेतली, खोदकाम झाले, आणि खालून तीर्थ निघाले. खोदण्याचा आग्रह धरणारी ही मंडळी शेजारी होती. एवढीच त्यांची पात्रता, आणि ती पुरेशी ठरली.

बंगळुराच्या पोटात अशी कितीतरी खेडी गिळली गेली आहेत. बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या नवव्या खंडात १९०५ साली बंगळूर जिल्ह्यातील लेख छापले, तेव्हा त्यांतले बहुतेक शेताच्या बांधावर, तळ्याच्या काठी, गावच्या वेशीपाशी उभे होते. शहर वाढले तसे कोणी पायात गेले, कोणी गटारावरची फरशी झाले, कोणावर कपडे धुतले जाऊ लागले. अलीकडच्या काळात काही नागरिकांनी हा खंड हाती घेऊन गावोगाव फिरण्यास आरंभ केला. रविवारी सकाळी निघावे, वृद्धांस विचारावे, शिला सापडली की पाण्याने व मऊ कुंचल्याने माती हळूहळू काढावी, अक्षरे वाचावीत आणि जमलेल्या लोकांस त्यांच्याच गावचे नाव त्या दगडावर दाखवावे, असा हा क्रम. १९०९ साली स्थापन झालेल्या मिथिक सोसायटीने २०२१ पासून या लेखांच्या त्रिमित प्रतिमा यंत्राने घेण्याचे काम चालविले आहे. दगड नष्ट झाला तरी अक्षर उरावे हा त्यातील हेतू. परंतु या कामातील मंडळींचा अनुभव असा की, शिलेचे खरे रक्षण प्रतिमेने होत नाही; गावाला तिचा अर्थ कळला म्हणजे होते.

हेब्बाळचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथे २०१८ साली इसवी सन ७५० च्या सुमाराची शिला पुन्हा उजेडात आली. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळात रट्टवाडीची, म्हणजे राष्ट्रकूटांची, धाड आली असता कित्तय्या नावाचा वीर लढून पडला, असे तीवर कोरले आहे. तेथील लोकांनी वर्गणी काढून तिच्यावर मंडप उभारला. आम्ही ती पाहण्यास गेलो तेव्हा मनात थोडे चरकलो. वेरूळचे कैलास लेणे ज्यांच्या वैभवाचे स्मारक म्हणून आपण मिरवितो, त्याच राष्ट्रकूटांच्या सैन्यापासून आपले गाव राखताना हा कित्तय्या मेला होता. इतिहास आपल्या घरच्या खिडकीतून एक दिसतो, शेजाऱ्याच्या अंगणातून दुसरा. दोन्ही पाहिल्यावाचून तो पुरा होत नाही.

हा धडा आपणांस अगदी नवा आहे असेही नव्हे. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीची उपेक्षा जेम्स डग्लस यांनी १८८३ साली जगापुढे मांडली. पुढे १८९५ साली टिळकांच्या पुढाकाराने लोकांचा निधी जमू लागला आणि १८९६ साली गडावर उत्सव झाला. उत्सवाने माणसे गडावर नेली. ज्या जागी माणसांची पावले वळतात ती जागा सहसा पुसली जात नाही. बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरणारी शेंगांची जत्रा, ‘कडलेकाई परिषे’, हेच सांगते. सुंकेनहळ्ळी हे खेडे शहरात विरून गेले, पण शेतकरी आजही नव्या शेंगा घेऊन नंदीच्या दारी येतात, म्हणून ते खेडे अद्याप पुरते मेलेले नाही.

दावणगेरे जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे नावाचे गाव आहे. २३ जानेवारी १६६४ या दिवशी, माघ शुद्ध पंचमीस, शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे तेथे मृत्यू पावले. तेथेच त्यांची समाधी आहे. आपल्यापैकी पुष्कळजण वर्षातून एकदा तेथे माथा टेकून येतात. ते योग्यच आहे. परंतु उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या समाधीचे शेजारी कानडी बोलणारे आहेत. त्यांचे हे ऋण नुसत्या नमस्काराने कसे फिटावे?

बदलीचा माणूस म्हणतो, तीन वर्षांनी आपण येथून जाणार, आपला काय संबंध? एकोजीराजेही येथून गेलेच. मागे राहिले ते त्यांनी दुसऱ्यांच्या देवास दिलेल्या गावाचे लेखन. तेव्हा एखाद्या रविवारी बादली आणि कुंचला घेऊन कानडी शेजाऱ्याबरोबर निघावे, शिलेवरची अक्षरे त्याच्याकडून वाचून घ्यावीत, आणि ती मराठ्यांची आहेत की मराठ्यांशी लढलेल्या कोणाची, हे आधी विचारू नये, असे आम्हांस वाटते.