तपकिरी तुकडा का गळतो?

गेल्या आठवड्यात टीपॉयवर घालायला छोटंसं क्विल्ट शिवलं. आपल्या गोधडीची अमेरिकन मावसबहीणच म्हणा ना! रंग तिकडच्या पानगळीचे: लाल, नारिंगी, तपकिरी.

तपकिरी तुकडा हातात घेतला आणि एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन क्विल्टं आठवली. त्यांच्यात लाल तुकडा अजून धडधाकट दिसतो, आणि शेजारच्या तपकिरीचा मात्र भुगा झालेला असतो, आतला कापूस बाहेर.

गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही रंग एकाच मुळाचे. मॅडरचं मूळ, आपल्या मंजिष्ठेच्या कुळातलं. कापडाला आधी तुरटी लावली की रंग लाल चढतो, लोखंडाचा क्षार लावला की जांभळा-काळा, आणि दोन्ही मिसळले की तपकिरी. हे लोखंडच सुताला वर्षानुवर्षं आतून खातं. 1868 साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मॅडरमधलं अ‍ॅलिझरीन प्रयोगशाळेत बनवलं खरं, पण लोखंड काही सुटलं नाही.

शिवणारीला हे कुठून कळणार? तिने दोन्ही तुकड्यांना सारखेच बारीक टाके घातले. तपकिरी कापड गेलं, तरी कधीकधी ते टाके तसेच दिसतात, नुसत्या कापसावर.