कोल्ह्याचा हिवाळी माग (मंगरूळपीर परिसर)

सोनेरी कोल्हा (कॅनिस ऑरियस) निशाचर व सावध असल्याने त्याचा वावर मुख्यतः खुणांवरून ओळखतात. वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात हिवाळ्यात त्या पांदणीच्या धुळीत आणि नाल्याच्या ओल्या रेतीत दिसतात. सोयाबीन निघालेले असते, हरभरा अजून बुटका असतो, त्यामुळे धुरे मोकळे दिसतात. दहिवराने दबलेल्या धुळीत ठसा ठसठशीत उमटतो. पहाटेच्या तिरप्या उन्हात त्याच्या कडांची सावली पडते. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर सुरू झाले की सारे पुसले जाते.

ठसा लांबट, सुमारे ५ सेंमी., चार बोटांचा व नखांसह असतो. मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागे जुळलेल्या असणे ही खरी ओळख. कुत्र्यात त्या सुट्या असतात. खोकडाचा ठसा याहून लहान, लांडग्याचा बराच मोठा. एका ठशावर मात्र कोणी पैज लावू नये; पावलांची रांगही पाहावी. कुत्रा भरकटत चालतो, तर कोल्ह्याची पावले बहुधा सरळ रेषेत पडतात.

या दिवसांतील विष्ठेत उंदरांचे केस आणि बोरांच्या बिया आढळतात. फेब्रुवारी-मार्च हा विणीचा काळ असल्याने हिवाळ्याच्या अखेरीस कोल्हेकुई वाढते. माग वाचण्याचे पिढीजात ज्ञान विदर्भातील फासेपारध्यांकडे आहे. अभ्यासक त्याला स्वयंचलित कॅमेऱ्यांची जोड देतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार कोल्ह्याच्या शिकारीस बंदी आहे.