काविळीची भुईआवळी

जळगाव-धुळ्याकडे कावीळ झाली की भुईआवळी वाटून ताकातून देतात. रोगी बरा होतो, मान मुळीला मिळतो. परंतु दूषित पाण्याची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात गटार मिसळून हजारो लोक पिवळे पडले, त्यांतील बहुतेक असेच सावरले.

मग मुळीची परीक्षा कशी करावी? १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ‘ब’ काविळीच्या जुनाट वाहकांचे दोन गट केले. भुईआवळी घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. दिखाऊ औषध घेणाऱ्या २३ पैकी एकाचीच. पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत मात्र तसे फळ आले नाही.

पाण्याची कावीळही गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. तिला मुळीच्या भरवशावर घरी ठेवू नये. आणि नळाला शुद्ध पाणी मागण्यात आपण कमी पडू नये.