विश्लेषण : मैदानावर बर्फ, तरीही चाहत्यांची गर्दी… अमेरिकेत बेसबॉलचे हिवाळी मेळावे कशासाठी?

जानेवारीत शिकागोचे तापमान अनेकदा शून्याखाली जाते. ‘रिग्ली फील्ड’ हे बेसबॉलचे मैदान ओस पडलेले असते. तरीही शिकागो कब्ज संघाची निळी जर्सी घातलेले हजारो चाहते शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात जमतात. तिथे एकही सामना खेळला जात नाही. मग लोक तिकीट काढून कशासाठी येतात?

हिवाळ्यात बेसबॉल बंद असतो का?

‘मेजर लीग बेसबॉल’मध्ये ३० संघ आहेत. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ साखळीत १६२ सामने खेळतो. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला ‘वर्ल्ड सिरीज’ हा अंतिम टप्पा संपतो. त्यानंतर जवळपास चार महिने सामने नसतात, पण खेळाडूंची अदलाबदल आणि नवे करार सुरूच राहतात. आयपीएलच्या लिलावाआधी आपल्याकडे कट्ट्यावर जशा चर्चा रंगतात, तशीच ही वेळ. तिला अमेरिकेत ‘हॉट स्टोव्ह लीग’ म्हणतात. थंडीत शेगडीभोवती बसून रंगणाऱ्या गप्पांवरून हे नाव पडले.

मेळाव्यांची सुरुवात कधी झाली?

या गप्पांना कब्ज संघाने १९८६ मध्ये मेळाव्याचे रूप दिले. अशा मेळाव्यांची सुरुवात तिथूनच झाली, असे मानले जाते. १९८९ मध्ये मिनेसोटा ट्विन्सने ‘ट्विन्सफेस्ट’ सुरू केला. सेंट लुइस कार्डिनल्सच्या ‘विंटर वॉर्म-अप’मधून मुलांसाठीच्या समाजकार्याला निधी मिळतो.

तिथे काय घडते?

खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या, सोबत फोटो, जुन्या खेळाडूंचे किस्से, मुलांसाठी खेळ असा कार्यक्रम असतो. संघाला प्रसिद्धी मिळते आणि नव्या हंगामाच्या तिकीटविक्रीला हातभार लागतो. चाहत्यांच्या दृष्टीने मात्र प्रश्नोत्तरांचे सत्र महत्त्वाचे. एरवी दूर असलेल्या व्यवस्थापनाला तिथे थेट जाब विचारता येतो.

नाराजीही व्यक्त होते का?

होय. २०२० च्या मेळाव्यात कब्जचे अध्यक्ष टॉम रिकेट्स यांनी संघाच्या नव्या टीव्ही वाहिनीचा उल्लेख करताच चाहत्यांनी हुर्यो उडवली. शिकागोच्याच व्हाइट सॉक्स संघाचा मेळावा २०२१ ते २०२४ या काळात झाला नाही. २०२४ मध्ये हा संघ विक्रमी १२१ सामने हरला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याने मेळावा पुन्हा भरवला.

वसंताची ओढ कशासाठी?

फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर आणि कॅचर, म्हणजे चेंडू फेकणारे आणि झेलणारे खेळाडू, सराव शिबिरात दाखल होतात. थंडी टाळण्यासाठी १५ संघ ॲरिझोनात, तर १५ फ्लोरिडात सराव करतात. कब्जचे शिबिर ॲरिझोनातील मेसा शहरात असते. तेव्हा गुणतक्ता कोरा असतो आणि गेल्या वर्षी तळाला राहिलेला संघही बरोबरीने सुरुवात करतो. जानेवारीचा मेळावा ही त्या नव्या सुरुवातीची चाहूल असते.

कब्जने १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये, म्हणजे १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. पहिल्या मेळाव्यापासून तोवर ३० वर्षे उलटली होती. इतके हिवाळे चाहते ‘यंदा तरी’ म्हणत तिथे जमत राहिले.