वनरक्षकाला भेट मिळालेली रायफल

लहानपणी ज्या टेडी बेअरला कवटाळून आपण झोपायचो, त्याचं नाव एका अट्टल शिकाऱ्यावरून पडलंय. 1902 साली मिसिसिपीच्या जंगलात सोबत्यांनी एक जखमी अस्वल झाडाला बांधून अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर हजर केलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणं त्यांना खिलाडूपणाचं वाटलं नाही. त्यांनी नकार दिला. त्यावर व्यंगचित्र आलं, मग खेळणं आलं. अस्वल मात्र वाचलं नाही. त्याचे हाल संपवा, असं रूझवेल्टनीच सांगितलं आणि ते सुरीनं मारलं गेलं.

हा माणूस समजून घ्यायचा, तर त्याची एक रायफल पाहायला हवी.

1909 साली अध्यक्षपदावरून उतरताच रूझवेल्ट आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाले. त्यासाठी इंग्लंडमधल्या 56 चाहत्यांनी वर्गणी काढून त्यांना लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडची दुनळी रायफल भेट दिली. कारण काय, तर राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव जंगलं करून त्यांनी प्राणी वाचवले! ही थट्टा नव्हती. 5 राष्ट्रीय उद्यानं, 150 राष्ट्रीय वनं, 51 पक्षी-अभयारण्यं. सुमारे 23 कोटी एकर जमीन त्यांनी संरक्षणाखाली आणली होती.

अशी रायफल सुटी करता येते. नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढला, की नळ्या बिजागरीवरून निघतात आणि सगळं सामान एका आखूड पेटीत मावतं. आगबोट, आगगाडी आणि मग हमालाचं डोकं, अशा प्रवासाला ते सोयीचं. पण पुन्हा जोडल्यावर सांधा केसभरही ढिला राहून चालत नाही. म्हणून कारागीर पोलादावर काजळी धरतो, भाग जुळवून बघतो आणि काजळी उमटेल तिथेच कानस फिरवतो. असं किती वेळा, याला गणती नाही.

खरी कसोटी पुढे असते. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागायला हव्यात. त्यासाठी कारागीर गोळ्या झाडून पाहतो, नळ्यांमधला डाख वितळवतो, पाचर किंचित सरकवतो आणि पुन्हा झाडून पाहतो. प्रत्येक नळीचा चाप आणि खटका वेगळा. एक बिघडला, तरी दुसरा हाताशी असतो.

एवढी मेहनत कशासाठी, ते केनिया पर्वताच्या जंगलात दिसलं. रूझवेल्टनी दोन गोळ्यांत आपला पहिला हत्ती पाडला आणि त्याच क्षणी झाडी फाडून दुसरा अंगावर आला. दोन्ही नळ्या रिकाम्या! ते झाडाआड सरकून काडतुसं भरू लागले, तोवर सोबतचा शिकारी कनिंगहॅम यानं गोळ्या झाडून हत्तीला परतवलं.

मोहीम स्मिथसोनियन संग्रहालयासाठी होती. किडामुंगीपासून हत्तीपर्यंत सुमारे 11,400 प्राणी गोळा झाले. त्यांतली 512 मोठी जनावरं रूझवेल्ट आणि त्यांचा मुलगा केर्मिट यांनी मारलेली. रूझवेल्टना यात विसंगती दिसत नव्हती. जंगल राखायचं ते शिकार टिकावी म्हणून, आणि दुर्मीळ प्राणी संपण्याआधी त्याचे नमुने संग्रहालयात पोचायला हवेत, असा तो हिशेब होता. त्या हिशेबानं अमेरिकेत जंगलं खरोखर वाचली, हेही विसरून चालणार नाही.

पण नाइलकाठच्या लाडो भागात या बापलेकांनी पांढरे गेंडेही मारले. ते दुर्मीळ आहेत, हे तेव्हाही माहीत होतं. पुढे युद्धांनी आणि शिंगाच्या चोरट्या व्यापारानं ही उत्तरेकडची उपजात जवळजवळ संपवली. शेवटचा नर, सुदान, 2018 साली केनियात गेला. मागे उरल्या त्या दोन माद्या, नाजिन आणि तिची मुलगी फातू.

त्यांच्याभोवती आज रात्रंदिवस बंदुकधारी पहारा असतो.