वीस थेंबांची कुळकथा
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला सलाईनचं गणित येतं. ऑर्डर असते ५०० मिली, चार तासांत. मिलीला सेटच्या, म्हणजे सलाईनच्या नळीच्या, एका मिलीतल्या थेंबांनी गुणायचं आणि मिनिटांनी भागायचं. ५०० गुणिले २०, भागिले २४०, उत्तर ४१.६७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. मग एका हाताने रोलर क्लॅम्प फिरवत, नजर घड्याळावर आणि ड्रिप चेंबरवर आळीपाळीने ठेवत थेंब मोजायचे. ५०० आणि २४० ऑर्डरमधून आले. २० सेटच्या पाकिटावर छापलेले असतात. पण पाकिटावर ते आले कुठून?

माझं उत्तर आहे ब्रसेल्स, १९०२. आणि तिथे सलाईनचा विषयच नव्हता.

तिथे अनेक देशांचे प्रतिनिधी जमले होते ते बचनाग, अफू, कुचला, डिजिटॅलिस अशा जहाल औषधांसाठी. एका देशातला बचनागाचा अर्क दुसऱ्या देशातल्यापेक्षा कितीतरी कडक निघे, आणि तीच चिठ्ठी सरहद्दीपलीकडे जिवावर बेतू शकत असे. अर्कांची ताकद एकसारखी करायची, तर ते ज्या मापाने देतात तो थेंबही बांधून घेणं भाग होतं. ठरलं असं: ड्रॉपरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास ३ मिलिमीटर, आणि १५ अंश सेल्सिअसला ऊर्ध्वपातित पाण्याचे २० थेंब म्हणजे १ ग्रॅम. व्यासाचा आग्रह उगाच नव्हता. तोंड रुंद असेल तर थेंब जड पडतो, हे थॉमस टेटने १८६४ मध्येच दाखवलं होतं. द्रव बदलला तरी थेंब बदलतो; अल्कोहोलमधल्या अर्काचे थेंब पाण्याच्या थेंबांपेक्षा बरेच लहान पडतात.

थेंबावरचा अविश्वास त्याहून जुना. लंडनच्या फार्माकोपियाने १८०९ मध्ये थेंबाऐवजी 'मिनिम' हे माप आणलं, द्रव ड्रामचा साठावा भाग. एका मिलीत साधारण १६-१७ मिनिम बसतात. अमेरिकेत १५ थेंबांचे सेट सर्रास चालतात, त्यांच्यामागे मला या मिनिमची सावली दिसते. हा माझा तर्क, पण मी तो सोडायला तयार नाही.

शरीरात द्रव सोडण्याच्या इतिहासात ही नावं येतात: १८३२ मध्ये कॉलऱ्याच्या रोग्यांना शिरेतून मिठाचं पाणी देणारा लीथचा थॉमस लॅटा, गुदद्वारातून सावकाश सलाईन देणारा शिकागोचा मर्फी, १९२४ मध्ये शिरेतल्या अखंड ड्रिपवर लिहिणारा न्यू ऑर्लिन्सचा मटास. पण माझा प्रश्न द्रव कसा दिला हा नाही, एका मिलीत थेंब किती हा आहे.

माझ्या ब्रसेल्सला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे: घड्याळ. सेट १०, १५, २० आणि ६० थेंबांचे मिळतात आणि या सगळ्यांनी ६० ला पूर्ण भाग जातो. त्यामुळे तासाच्या मिलीला अनुक्रमे ६, ४, ३ किंवा १ ने भागलं की काम झालं. आपल्या ऑर्डरचे तासाला १२५ मिली, भागिले ३, पुन्हा ४२. मुलांच्या मायक्रो सेटपुरतं मी हे मान्य करते. तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, आणि ६० घड्याळातूनच आले असणार. पण ६० ला १२ नेही भाग जातो, ३० नेही. ते सेट इतके सर्रास का दिसत नाहीत? सोयीचा आकडा शोधायचा होता तर २० च का? कारण, माझ्या मते, ते औषधशास्त्रात आधीपासून बसलेले होते. आजचं सेटचं आंतरराष्ट्रीय मानक पाहा: ऊर्ध्वपातित पाण्याचे २० थेंब, वजन १ ग्रॅम, फरक ०.१ पर्यंत चालेल. तेच पाणी, तोच आकडा, तेच वजन. इतकं साम्य रक्ताच्या नात्याशिवाय येत नाही.

हे नातं वॉर्डात रोज भेटतं. माप ऊर्ध्वपातित पाण्याचं, आणि बाटलीत डेक्स्ट्रोज किंवा रक्त. शिवाय ०.१ च्या फरकात चार तासांची बाटली वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून ४२ थेंब लावून झाल्यावर जाणत्या सिस्टर बाटलीवर उभी चिकटपट्टी लावून तासातासाच्या रेघा मारून घेतात. तासाभरात पातळी १२५ मिलीच्या रेघेपर्यंत उतरली नसेल, तर थेंब बरोबर मोजलेले असूनही क्लॅम्प पुन्हा फिरवावा लागतो.