कर्जरोखा ते पतपेढी : दख्खनच्या शेतकऱ्याची ऋणकथा

दिनांक १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे या गावी त्या दिवशी बाजार भरला होता. भोवतालच्या गावांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. परंतु त्यांचा रोख धनधान्यापेक्षा वह्यांवर व कर्जरोख्यांवर अधिक होता. ते कागद हाती येताच त्यांची भर रस्त्यात होळी करण्यात आली. पुढे हे लोण पुणे व नगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरले. जेथे सावकारांनी कागद मुकाट्याने स्वाधीन केले तेथे त्यांच्या अंगाला सहसा धक्का लागला नाही. तरीही सुमारे साडेनऊशे माणसांना अटक झाली.

शेतकरी एवढा कागदावरच का उलटला? कारण कागदानेच त्याला बांधून टाकले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) येथील कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हा सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपताच भाव कोसळले; त्यातच फेरपाहणीने साऱ्याची रक्कम वाढली आणि सावकारानेही हात आखडता घेतला. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविणारा १८५९ चा कायदा वस्तुतः ऋणकोच्या हितासाठी होता. पण दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुदलात मिसळून नवा रोखा लिहून घेण्याची चाल पडली. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याने आपण कशावर अंगठा उठवीत आहोत हे कसे जाणावे?

सरकारने चौकशी आयोग नेमला व १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. हिशेबाच्या मुळापर्यंत जाऊन तपास करण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. परंतु कायदा अन्यायाला आवर घालतो. बियाणे व बैल यांसाठी पैसा तो पुरवीत नाही. हे ओळखून सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली व न्यायमूर्ती रानडे यांनी तिचा पुरस्कार केला. हिंदुस्थान सरकारही अनुकूल झाले. विलायतेतून मात्र नकार आला आणि मोठी संधी हुकली.

अखेर १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. जर्मनीतील रायफायझन यांच्या धर्तीवर गावातील दहा माणसांनी एकत्र यावे, एकमेकांची हमी घ्यावी, आणि एकाने बुडविले तर सर्वांनी भरावे, असे त्यातील तत्त्व. शेजाऱ्याची अब्रू हेच तारण! १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी व सर लल्लूभाई सामळदास यांच्या प्रयत्नाने मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. पुढे वैकुंठभाई मेहतांनी तिची धुरा दीर्घकाळ वाहिली.

तथापि आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नव्हते. १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत आढळले की, शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१ होता, व्यापारी बँकांचा शेकडा १ देखील नव्हता, तर सावकारांचा शेकडा ७० च्या घरात होता. केवळ कर्ज देऊन भागत नाही, कर्जाची सांगड पाण्याशी, प्रक्रियेशी व विक्रीशी घातली पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला. त्याच सुमारास प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारून तो धडा कृतीने गिरविला. पुढे १९६९ चे बँकांचे राष्ट्रीयीकरण, १९८२ ची नाबार्ड आणि १९९२ पासून बँकांशी जोडले गेलेले महिलांचे बचत गट, अशी पावले पडत गेली. तरीही २००८ व २०१७ मध्ये कर्जमाफी करावी लागली, यावरून रोग समूळ गेला नव्हता हेच दिसते.

हा इतिहास आम्ही ज्ञातिबांधवांपुढे का मांडीत आहोत? कारण तो आपल्याच घरांतला आहे. आपल्या काही कुळांनी रोखे लिहून दिले, तर काहींनी ते लिहून घेतले. हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. आणखी एक कटू सत्य सांगितले पाहिजे. पतपेढी बुडते ती बहुधा गरिबाच्या शंभर रुपयांनी नव्हे. ऐपत असून न फेडणाऱ्या वजनदार सभासदाने आणि भिडेपोटी त्याला न विचारणाऱ्या संचालकांनी. परस्परांच्या हमीचे तत्त्व जेथे भिडेला बळी पडते तेथे दुर्बळ सभासदाला पुन्हा सावकाराच्या ओट्यावर जावे लागते. आपल्यापैकी जे अशा संस्थांचे कारभारी आहेत त्यांनी याचा अवश्य विचार करावा.

शेवटी एक विनंती. आपल्या माळ्यावरच्या जुन्या पेटीत पणजोबांचा एखादा रोखा वा खातेवही असेल, तर ती रद्दीत घालू नका. तिची नक्कल मंडळाकडे द्या व घरातील मुलांकडून ती मोठ्याने वाचवून घ्या. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण त्यांना ते वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येतात. म्हणून ते जपण्याची जबाबदारी आपली आहे.